बालवीरांचा सेनापती

रणांगणावर मिळविलेली कीर्ती बहुधा रणांगणाबरोबरच विस्मरणात जाते. जल्लोष विरतो, सेनापतींचे पुतळे चौकात ऊनपाऊस झेलत उभे राहतात आणि पुढील पिढीला त्यांची नावे परीक्षेपुरतीच ठाऊक असतात. रॉबर्ट बेडन-पॉवेल यांच्या बाबतीत निराळे घडले. ज्या मॅफेकिंगच्या वेढ्याने त्यांना इंग्लंडचे वीरपुरुष बनविले, त्याचे नाव आज फारसे कोणाला आठवत नाही. परंतु पन्नाशीला पोहोचलेल्या या सैनिकाने सुरू केलेल्या बालवीर चळवळीचा स्कार्फ आजही जगभरची मुले गळ्यात बांधतात.

बेडन-पॉवेल यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ रोजी लंडन येथे झाला. वडील ऑक्सफर्डमध्ये भूमितीचे प्राध्यापक होते. परंतु मुलगा तीन वर्षांचा असतानाच ते निवर्तले. शाळेत या मुलाचे लक्ष पुस्तकांपेक्षा शाळेलगतच्या रानात अधिक असे. ऑक्सफर्डचा प्रवेश हुकला, तेव्हा त्याने सैन्याची परीक्षा दिली आणि १८७६ मध्ये तेराव्या हुसार पलटणीत रुजू होऊन तो लखनौला आला. भारताशी जडलेला हा संबंध पुढेही टिकला. १८९७ नंतर मीरत येथे घोडदळाच्या पलटणीचे आधिपत्य करताना त्यांनी सैनिकांच्या लहान लहान तुकड्या पाडून त्यांना टेहळणीचे शिक्षण दिले. माग काढणे, बारकाईने पाहणे, पाहिलेल्या गोष्टींवरून अनुमान बांधणे आणि हुकमाची वाट न पाहता स्वतः निर्णय घेणे हे त्या शिक्षणाचे सार होते. शिपायाने विचार करू नये, अशी समजूत असलेल्या काळात ही पद्धत धाडसाचीच म्हटली पाहिजे. त्याच अनुभवातून त्यांनी टेहळणीवर लिहिलेले छोटेखानी पुस्तक १८९९ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दक्षिण आफ्रिकेतील मॅफेकिंग या लहानशा रेल्वेच्या गावाला बोअर सैन्याने वेढा घातला. गावाचे रक्षण बेडन-पॉवेल यांच्याकडे होते. २१७ दिवसांनी, १७ मे १९०० रोजी वेढा उठला. माणसांची वाण होती, म्हणून त्यांचे सहकारी लॉर्ड एडवर्ड सेसिल यांनी गावातील गोऱ्या मुलांचे एक पथक उभारले. निरोप पोहोचविणे, पहारा देणे, रुग्णालयात मदत करणे ही कामे ही मुले करीत. आरंभी गाढवांवरून आणि पुढे सायकलींवरून ती टपाल नेत. वेढ्यातल्या गावाने छापलेल्या एका तिकिटावर सायकलस्वार बालनायकाचेच चित्र होते. मुलांवर खरी जबाबदारी टाकली तर ती मुले ती पेलतात, हा धडा बेडन-पॉवेल तेथे शिकले.

या चरित्राला एक काळी बाजूही आहे आणि ती झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. १८९६ मधील माटाबेले युद्धात शरण आलेल्या उविनी नावाच्या आफ्रिकन प्रमुखाला त्यांच्या हुकमावरून गोळ्या घालण्यात आल्या. चौकशी झाली आणि ते निर्दोष ठरले. मॅफेकिंगमध्ये अन्नाचे वाटप करताना गोऱ्यांची आणि काळ्यांची पंगत एक नव्हती. बरोलाँग लोक शहराच्या रक्षणासाठी लढले, तरीही उपासमारीचा मोठा घाव आफ्रिकन रहिवाशांवरच पडला. त्या वेढ्यात न्यायालयात दुभाष्याचे काम करणारे सोल प्लाट्जे पुढे आफ्रिकन राष्ट्रीय चळवळीचे एक अग्रणी झाले. त्यांची रोजनिशी १९७३ मध्ये ग्रंथरूपाने बाहेर आली आणि ही दुसरी बाजू जगासमोर आली.

१९०३ मध्ये मायदेशी परतल्यावर बेडन-पॉवेल यांना एक आश्चर्य दिसले. सैनिकांसाठी लिहिलेले त्यांचे पुस्तक शिक्षक मुलांसाठी वापरीत होते. शार्लट मेसन यांच्या अध्यापिका-विद्यालयातही ते शिकविले जात होते. बॉईज ब्रिगेडचे संस्थापक विल्यम स्मिथ यांनी ते मुलांसाठी नव्याने लिहावे असे सुचविले. ऑगस्ट १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचे शिबिर भरले. श्रीमंतांच्या शाळांतील मुले आणि कामकऱ्यांची मुले तेथे एकाच तंबूत राहिली. चार संघ पाडून प्रत्येकाची सूत्रे एकेका मुलाकडे दिली गेली. पुढील वर्षी पुस्तक सहा भागांत निघाले आणि कोणी न सांगता ठिकठिकाणच्या मुलांनी आपापली पथके बनविली. १९१० मध्ये सैन्यातून निवृत्ती घेऊन बेडन-पॉवेल यांनी उरलेले आयुष्य या कामाला वाहिले. बंदूक बाजूला राहिली. रोज एक सत्कृत्य करण्याचा नेम पुढे आला.

भारतात मात्र हे रोप विषमतेच्याच वाफ्यात लावले गेले. १९०९ मध्ये बंगलोर येथे निघालेले पहिले पथक युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी होते. भारतीय मुलांना दार बंद होते. ते दार भारतीयांनी स्वतःच्या बळावर उघडले. १९१३ मध्ये शहाजहानपूरसारख्या लहान गावी श्रीराम वाजपेयी यांनी पथक काढले. १९१६ मध्ये मद्रासला अॅनी बेझंट यांनी स्वतंत्र संस्था स्थापिली. १९१८ मध्ये प्रयागला मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि वाजपेयी यांनी सेवा समितीची बालवीर संस्था उभी केली. १९२१ च्या भारतभेटीत बेडन-पॉवेल यांनी तडजोडीचा यत्न केला आणि बेझंटबाईंची संस्था मूळ संस्थेत सामील झाली. परंतु १९३७ च्या भेटीत भारतीयांच्या चारित्र्याविषयी त्यांनी काढलेल्या उद्गारांनी असंतोष उसळला आणि १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काउट संघटना निराळी उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० रोजी, हे सारे प्रवाह भारत स्काउट्स आणि गाइड्स या संस्थेत एकत्र आले.

संस्थापकाला जे बंधुत्व सर्वांना देता आले नाही, ते त्याच्याच तत्त्वाचा आधार घेऊन इतरांनी मिळविले, हा या इतिहासाचा अर्थ आहे. विचार मोठा असेल, तर तो त्याच्या जनकाच्या मर्यादांत अडकून राहत नाही. म्हणून बेडन-पॉवेल यांना देव्हाऱ्यात बसविण्याचे कारण नाही आणि अडगळीत टाकण्याचेही नाही.

१९३८ मध्ये ते केनियातील न्येरी येथे राहावयास गेले आणि ८ जानेवारी १९४१ रोजी तेथेच निवर्तले. त्यांच्या थडग्याच्या दगडावर एक वर्तुळ आणि त्यात एक बिंदू कोरला आहे. वाटाड्यांच्या खुणांच्या भाषेत त्याचा अर्थ, मी घरी गेलो. जाणाऱ्याने खूण ठेवली. वाट चालणे मागून येणाऱ्यांचे काम आहे. आपल्या शाळांत बालवीर म्हणजे गणवेश, संचलन आणि प्रमाणपत्र एवढेच उरले, तर ती वाट बुजली असे समजावे. यात्रेतील गर्दी आवरणे, वृद्धाला रस्ता ओलांडून देणे, गावाची विहीर स्वच्छ ठेवणे, ही कामे मुले हौसेने करतात. त्यांच्यावर विश्वास टाकण्याचे धैर्य मात्र मोठ्यांनी दाखवावे लागते. एका सेनापतीने ते दाखविले, आणि त्याच्या साऱ्या विजयांपैकी तेवढाच टिकला.