जंतूंचा वैरी शोधणारे डी'हेरेल

यंदा मी एका परदेशी संशोधकांचे चरित्र देत आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण या गृहस्थांनीही विद्यापीठाची पदवी मिळवलेली नव्हती, म्हणून लिहिण्याचा धीर झाला.

फेलिक्स डी'हेरेल यांचा जन्म १८७३ सालचा. जंतुशास्त्र ते बहुतेक स्वतःच शिकले. ग्वाटेमाला व मेक्सिको येथे काम करून ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आले. १९१५ साली, महायुद्धाच्या काळात, फ्रेंच सैनिकांत रक्ती आवेची साथ होती. रोग्यांची विष्ठा पाण्यात कालवून त्यांनी ती अतिशय बारीक गाळणीतून गाळली आणि ते पाणी आवेच्या जंतूंवर घातले. जंतूंमुळे गढूळ झालेला द्रव स्वच्छ झाला. त्या गाळणीतून जंतू जात नाहीत; तेव्हा जंतूंहून लहान असा त्यांचा वैरी त्यात असला पाहिजे, हे त्यांनी ओळखले. १९१७ साली शोध जाहीर करून त्यांनी त्याला बॅक्टेरिओफाज, म्हणजे जंतू खाणारा, हे नाव दिले. इंग्लंडच्या ट्वॉर्ट यांनीही १९१५ साली असाच प्रकार नोंदवला होता.

१९१९ साली पॅरिसच्या मुलांच्या इस्पितळात आवेने आजारी असलेल्या एका मुलाला हे औषध द्यायचे होते. डी'हेरेल यांनी ते आधी स्वतः घेतले, मग मुलाला दिले. मुलगा बरा झाला.

आपल्या देशाशीही या विषयाचा संबंध आहे. गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात व पाणी उकळल्यास तो गुण जातो, असे आग्र्याच्या हँकिन यांनी १८९६ साली लिहिले होते. १९२७ साली डी'हेरेल यांनी पंजाबात पटकीच्या रोग्यांना फाज दिले. मात्र एवढ्यावरून गोदावरीचे पाणी न उकळता पिऊ नये. नदीत वैरी असतात तसे जंतूही असतात.

पुढे ते जॉर्जियातील तिबिलिसी येथे आपले मित्र एलियावा यांच्याकडे गेले. १९३७ साली एलियावांना तेथील सरकारने ठार केले. डी'हेरेल १९४९ साली पॅरिसमध्ये वारले.

फाज जंतूला कसा हरवतो याचा एक भाग त्यांच्यामागून कळला. फाज आपला डीएनएचा धागा जंतूच्या पोटात सोडतो. जंतूजवळ रेकबीसीडी नावाचे विकर असते. जंतूचा स्वतःचा धागा तुटला तर ते तुटके टोक पकडून, दुसऱ्या धड धाग्याशी जुळवून सांधण्याची तयारी करते; परक्या धाग्याचे मोकळे टोक मिळाले तर त्याचे तुकडे करते. एस्थर लेडरबर्ग या विदुषींनी १९५१ साली प्रसिद्ध केलेला लॅम्डा नावाचा फाज यावर युक्ती करतो. तो गॅम हे प्रथिन बनवतो. गॅम दिसायला डीएनएसारखे असल्याने विकराच्या पकडीत जाऊन बसते. कुलपात काडी मोडून बसली की खरी किल्ली आत जात नाही, तसेच हे. फाजाचा धागा वाचतो आणि जंतूची दुरुस्ती बंद पडते. गॅमने हे विकर अडवले तर सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या औषधांनी जंतू अधिक सहज मरतात, असे २०१६ साली प्रयोगशाळेत दिसले. जुनी औषधे लागू पडेनाशी होत असताना ही मोठी आशा आहे.

जे सारे टाकून देतात त्या घाणीत डी'हेरेल यांना हा वैरी सापडला. तेव्हा गटाराच्या पाण्यात काय असते असे घरच्या मुलीने विचारले, तर तिला गप्प बसवू नये, एवढीच माझी विनंती.