उपद्रवी धंदे वेशीबाहेर धाडणारा आयुक्त

मुंबईच्या मध्यवर्ती मंडईला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव दिले गेले, त्याला आता बराच काळ लोटला. तरीही टॅक्सीवाल्यापासून फळविक्रेत्यापर्यंत साऱ्यांच्या तोंडी आजही ‘क्रॉफर्ड मार्केट’ हेच नाव आहे. पुण्याच्या इतिहासात हेच नाव एका गाजलेल्या लाचखोरी प्रकरणाशी जोडलेले आहे. मंडई उभारणारा कर्तबगार आयुक्त आणि अधिकाराच्या मोहात घसरलेला सनदी अधिकारी, अशी ऑर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड यांची दोन रूपे सर्वपरिचित आहेत. त्यांचे तिसरे रूप मात्र काहीसे विस्मरणात गेले. शेजाऱ्याला जाच होईल असा धंदा भरवस्तीत चालू द्यायचा की नाही, हा प्रश्न मुंबईत त्यांनी प्रथमच नेटाने हाती घेतला होता.

क्रॉफर्ड यांचा जन्म १८३५ चा. १८६५ मध्ये ते मुंबईचे पहिले पालिका आयुक्त झाले, तेव्हा त्यांनी वयाची तिशी नुकतीच गाठली होती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस इंग्लंडला पोहोचेनासा झाला होता आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. पैशाच्या मागोमाग माणसे आली. १८६४ च्या शिरगणतीत शहराची लोकसंख्या ८ लाख १६ हजारांवर गेली. युद्ध संपताच शेअर बाजार कोसळला, सावकारी पेढ्या बुडाल्या. पण आलेली गर्दी शहरातच राहिली.

ही गर्दी ज्या गल्ल्यांत राहत होती, तेथेच साऱ्या प्रकारचे धंदेही चालत. राहत्या घरांच्या भिंतीला लागून चरबी वितळवली जाई, आतड्यांपासून तात वळली जाई, निळीच्या रंगाऱ्यांच्या पिंपांतले पाणी उघड्या गटारांत सोडले जाई. जनावरांची कत्तलही वस्तीतच होत असे. पटकीच्या साथी वारंवार येत. डॉ. लीथ यांनी १८६४ मध्ये बेटाच्या आरोग्यस्थितीचा अहवाल सरकारला सादर केला आणि शहराच्या घाणीचा प्रश्न ऐरणीवर आला. दुर्गंधीयुक्त हवेतूनच रोग पसरतात, असे त्या काळातील बहुसंख्य डॉक्टर मानीत. हे मत पुढे चुकीचे ठरले. मात्र सांडपाणी आणि कुजके अवशेष वस्तीपासून दूर नेण्याचा त्यातून निघालेला उपाय अगदीच चुकीचा नव्हता.

१८६५ च्या कायद्याने मुंबईच्या कारभाराची घडी बदलली. ‘जस्टिसेस ऑफ द पीस’ या नामनियुक्त मंडळींची महापालिका झाली आणि कार्यकारी सत्ता एकट्या आयुक्ताच्या हाती एकवटली. आरोग्य अधिकारी म्हणून डॉ. ह्युलेट यांची साथ क्रॉफर्ड यांना लाभली. या जोडीने रस्ते झाडण्यापासून गटारे उपसण्यापर्यंतची कामे धडाक्याने सुरू केली. त्याच धडाक्यात चरबीच्या भट्ट्या, तातीचे कारखाने आणि निळीचे रंगकाम यांना शहराच्या दाट वस्तीतून हलवण्यात आले. कत्तलखाना तर बेटाबाहेर, माहीमच्या खाडीपलीकडे वांद्र्याला गेला. तेथून मांस रेल्वेने शहरात आणण्याची सोय झाली. १८६९ मध्ये विल्यम इमर्सन यांच्या आराखड्यानुसार बांधलेली नवी मंडई उघडली, ती याच योजनेचा दुसरा भाग होती. जनावर शहराबाहेर कापायचे आणि मांस धुऊन काढता येईल अशा फरशीवर, उंच छताखाली विकायचे, अशी ही विभागणी होती. धंद्याला बंदी नव्हती. त्याची जागा तेवढी ठरवून दिली होती.

ही जागा ठरवताना दोन गोष्टी घडल्या आणि त्यांचे पडसाद पुढे शतकभर उमटत राहिले. पहिली गोष्ट म्हणजे, वांद्रे त्या वेळी मुंबईच्या हद्दीत नव्हते. साष्टीतले ते एक गाव होते. तेथील कोळी आणि ख्रिस्ती शेतकरी मुंबई पालिकेला कर देत नव्हते, तसा तिच्या निर्णयात त्यांचा शब्दही चालत नव्हता. शहराची घाण शहराच्या वेशीबाहेर गेली, ती दुसऱ्याच्या वेशीत. दुसरी गोष्ट अशी, की बडगा उगारला गेला तो बिनभांडवली धंद्यांवर. कापड गिरण्यांच्या चिमण्या मात्र ताडदेव, परळ, लालबागच्या आकाशात वाढतच गेल्या. मुंबईत धुराच्या उपद्रवाविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला, तो थेट १९१२ मध्ये. रंगाऱ्याच्या पिंपाला जो नियम लागला, तो गिरणीच्या बॉयलरपर्यंत पोहोचायला चार दशकांहून अधिक काळ जावा लागला.

क्रॉफर्ड यांची पहिली कारकीर्द पैशाच्या प्रश्नावर संपली. कामे झाली, पण खर्चाला धरबंध उरला नाही. तिजोरीवर कर्ज चढले, करदाते खवळले आणि १८७१ मध्ये त्यांना पायउतार व्हावे लागले. त्या गदारोळात त्यांची बाजू घ्यायला तरुण बॅरिस्टर फिरोजशहा मेहता उभे राहिले. दोष माणसापेक्षा व्यवस्थेचा आहे, एका व्यक्तीच्या हाती निरंकुश सत्ता न देता करदात्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी कारभारावर देखरेखीला असावेत, असे त्यांचे म्हणणे होते. सभेला ते रुचले नाही. मात्र १८७२ च्या कायद्याने महापालिकेत निवडून आलेले सदस्य बसू लागले.

पुढे क्रॉफर्ड पुण्यात मध्य विभागाचे आयुक्त झाले. बदल्या आणि बढत्यांसाठी मामलेदारांकडून मध्यस्थामार्फत पैसे घेतल्याचा आरोप १८८८ मध्ये त्यांच्यावर झाला आणि चौकशीसाठी आयोग नेमला गेला. लाचखोरीच्या आरोपातून ते सुटले. परंतु हाताखालच्या माणसांकडून कर्जे घेतल्याचा ठपका राहिला आणि नोकरी गेली. अभय देऊन ज्यांच्या साक्षी घेतल्या, त्या मामलेदारांवर नंतर गंडांतर आले, तेव्हा त्यांच्या बाजूने टिळकांनी पुण्यात आवाज उठवला. क्रॉफर्ड यांनी उत्तरायुष्यात कोकणच्या आख्यायिकांवर पुस्तक लिहिले. १९११ मध्ये त्यांचे निधन झाले.

योगायोग असा, की ज्या १८८८ साली क्रॉफर्ड यांची अधिकाराची खुर्ची गेली, त्याच साली मुंबई महापालिकेचा नवा कायदा मंजूर झाला. यंत्रशक्तीवर चालणारा कारखाना काढण्यापूर्वी परवानगी घ्यावी, धोकादायक वा उपद्रवी धंद्यासाठी परवाना असावा, अशा तरतुदी त्यात होत्या. क्रॉफर्ड यांनी जे मुख्यतः स्वतःच्या जोरावर रेटले होते, त्याला असा कलमांचा आधार मिळाला. १९१५ मध्ये मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा आला आणि १९६० च्या दशकातील विकास आराखड्यात निवासी, व्यापारी व औद्योगिक असे विभाग नकाशावर रंगवले गेले.

मात्र वेशीबाहेरची जागा फार काळ वेशीबाहेर राहत नाही. वांद्र्याच्या कत्तलखान्यापासून जवळच, खाडीकाठच्या धारावीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कातडी कमावण्याचा धंदा रुजला. त्याभोवती कामगारांच्या झोपड्या उठल्या. शहर उत्तरेकडे सरकले, वांदरे उपनगर झाले आणि १९७१ मध्ये कत्तलखाना पुन्हा हलला, या वेळी देवनारला. तेथे शहराचा कचरा आधीच जात होता. आज देवनार, गोवंडी आणि चेंबूरचा पूर्व भाग दाट वस्तीने वेढलेला आहे.

क्रॉफर्ड यांनी उचललेला प्रश्न रास्त होता. शेजाऱ्याच्या दारात विष ओतण्याचा हक्क कोणत्याही धंद्याला नसतो. परंतु नकाशावर औद्योगिक विभागाची रेषा ओढली, की तिच्या पलीकडेही कोणाचे तरी दार असते. क्रॉफर्ड यांच्या निर्णयात वांद्र्याच्या गावकऱ्यांना कोणी विचारले नव्हते. मंडईच्या फरश्या तेव्हापासून रोज धुतल्या जातात. तो एक प्रश्न मात्र मुंबईच्या प्रत्येक नव्या आराखड्यासोबत पुन्हा उभा राहतो.