फ्रँकेन्स्टाईनच्या राक्षसामागचा कामगार

बोरिस कार्लोफ म्हटले की फ्रँकेन्स्टाईनचा राक्षस आठवतो. युनियनवाला कार्लोफ मात्र फार थोड्यांना माहीत आहे.

त्याचे खरे नाव विल्यम हेन्री प्रॅट. जन्म लंडनचा, २३ नोव्हेंबर १८८७. वडील ब्रिटिश हिंदुस्थानात सरकारी नोकरीत होते. घराण्यात भारतीय रक्त होते, रंग सावळा. पुढे हॉलिवूडने याच रंगामुळे त्याला अरब, हिंदुस्थानी अशा किरकोळ भूमिका दिल्या. आपल्या भारतीय मुळाबद्दल तो उघडपणे फारसा बोलत नसे. तेव्हाचा वर्णद्वेष पाहता त्याला दोष द्यावासा वाटत नाही.

घरच्यांना मुलगा परराष्ट्र सेवेत अधिकारी व्हायला हवा होता. तो १९०९ मध्ये कॅनडाला निघून गेला. शेतमजुरी, खोदकाम, ट्रक चालवणे आणि मिळेल तेव्हा नाटक. यश आले ते थेट १९३१ मध्ये, चाळिशी उलटल्यावर. तेव्हाही ‘फ्रँकेन्स्टाईन’च्या सुरुवातीच्या नामावलीत राक्षसाच्या भूमिकेपुढे त्याचे नाव नव्हते, प्रश्नचिन्ह होते! रोज सुमारे चार तास रंगभूषा, पायांत जडशीळ बूट. एकदा तर सलग २५ तास काम. पाठीचे दुखणे जन्मभर राहिले.

१९३३ मध्ये ‘स्क्रीन ॲक्टर्स गिल्ड’ ही कलाकारांची संघटना उभी राहिली, तिच्या संस्थापकांत कार्लोफ होता. स्टुडिओमालकांना संघटना नकोच होती, आणि नुकतेच नाव झालेल्या नटाला गमावण्यासारखे बरेच होते. तरी तो मागे हटला नाही. चार वर्षांनी, १९३७ मध्ये, मालकांना गिल्डबरोबर करार करावा लागला.

२ फेब्रुवारी १९६९ रोजी तो इंग्लंडमध्ये वारला. तोवर अभिनय त्याने सोडला नव्हता.