घर गहाण ठेवून आलेलं ऑलिम्पिक पदक ६५ वर्षांनी विकायची वेळ का आली होती?

सांगली जिल्ह्यातला पलूस तालुका. इथल्या कुंडलचं कुस्ती मैदान माहीत नाही असा पैलवान पश्चिम महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही. लाल माती, हलगीचा कडकडाट आणि चहूबाजूला खचाखच भरलेली माणसं. इथं जिंकलेल्या पैलवानाला रोख इनाम मिळतं. ते खुराकात जातं, कर्जात जातं, कधी बहिणीच्या लग्नात जातं. आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटत नाही.

पण इनाम म्हणून ऑलिम्पिकचं पदक मिळालं असेल तर? ते विकायचं का?

हा प्रश्न खरोखर एका घरापुढं उभा राहिला होता. पलूसवरून कृष्णेच्या काठानं वर निघालं की कराड लागतं आणि कराडला खेटूनच गोळेश्वर. हे घर तिथलं. पैलवान खाशाबा दादासाहेब जाधव यांचं.

घरातच आखाडा

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांमध्ये खाशाबा सगळ्यात धाकटे. घरात कुस्ती होतीच, त्यामुळं पोरगं चालायला लागलं आणि तालमीत गेलं असाच प्रकार.

शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झालं. ते दिवस चले जाव चळवळीचे होते. सातारा जिल्हा तेव्हा आजच्या सांगलीसकट एकच होता आणि कुंडल म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचा मोठा आधार. त्या वातावरणात शाळकरी खाशाबांनीही भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा दिला, निरोप पोहोचवले.

पुढं ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले. कुस्तीची पंढरीच ती. बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांच्यासारखे वस्ताद भेटले. खाशाबा अंगानं लहानखुरे, वजन साठ किलोच्या आत. पहिल्यांदा बघणाऱ्याला हा काय कुस्ती करणार असं वाटायचं. पण चपळाई अशी की समोरच्याला डाव कळेपर्यंत पाठ जमिनीला लागलेली असायची.

लंडनमध्ये पहिल्यांदा गादी बघितली

१९४८ ला लंडन ऑलिम्पिक झालं. खाशाबांची निवड झाली आणि खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला.

तिथं गेल्यावर वेगळीच अडचण. खाशाबा आयुष्यभर मातीत खेळलेले आणि ऑलिम्पिकची कुस्ती गादीवर. नियम वेगळे, गुणांची पद्धत वेगळी. रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकांनी त्यांना थोडंफार शिकवलं. तेवढ्या तयारीवर खाशाबांनी फ्लायवेट गटात सहावा नंबर काढला.

ज्या माणसाचं सगळं शिक्षण मातीतलं, त्याच्यासाठी सहावा नंबर काही कमी नव्हता. पण खाशाबांच्या डोक्यात एकच बसलं. चार वर्षांनी परत यायचं आणि रिकाम्या हातानं जायचं नाही.

निवड झाली, पण पैसे?

१९५२ चं ऑलिम्पिक फिनलंडमधल्या हेलसिंकीला होतं. यावेळी वाट जास्त अवघड झाली. निवडीच्या स्पर्धेत आपल्यावर अन्याय झाला असं खाशाबांचं म्हणणं होतं. ते गप्प बसले नाहीत. त्यांनी कुस्तीशौकीन पतियाळाच्या महाराजांकडं दाद मागितली. पुन्हा कुस्ती लागली आणि खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला चितपट करून आपली जागा मिळवली.

जागा मिळाली, पण तिकिटाचे पैसे नव्हते. संस्थानं विलीन झाली होती, त्यामुळं महाराजांचा जुना आधार संपला होता. सरकारकडून पुरेशी मदत मिळाली नाही. मग गोळेश्वर आणि कराडच्या लोकांनी वर्गणी गोळा केली. कुणी दोन रुपये दिले, कुणी पाच. तरीही आकडा गाठता येईना.

अशा वेळी पुढं आले राजाराम कॉलेजचे माजी प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर. त्यांनी आपलं राहतं घर गहाण ठेवलं आणि ७,००० रुपये उभे केले. त्या काळात ७,००० म्हणजे फार मोठी रक्कम. खाशाबा हरून परतले असते तर घर जाण्याचा धोका खर्डेकरांचा होता. कुठलाही कागद नाही, हमी नाही. आपल्या विद्यार्थ्यावरचा विश्वास, एवढंच तारण.

२३ जुलै १९५२

हेलसिंकीत खाशाबा बँटमवेट, म्हणजे ५७ किलो गटात उतरले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवत ते शेवटच्या टप्प्यात पोहोचले.

तिथं गाठ पडली जपानच्या शोहाची इशी यांच्याशी. कुस्ती खूप लांबली, दमछाक झाली आणि खाशाबा गुणांवर हरले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळण्याचा नियम होता. पण खाशाबांना लगेचच सोव्हिएत संघाच्या रशीद मामादबेयोव्ह यांच्याविरुद्ध उभं केलं गेलं. नियमावर बोट ठेवून भांडायला भारताचा एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. थकलेले खाशाबा तीही कुस्ती हरले.

इशी यांना सुवर्ण, मामादबेयोव्ह यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताच्या खेळाडूनं मिळवलेलं हे पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्याच स्पर्धेत आपल्या हॉकी संघानं सुवर्ण जिंकलं, त्यामुळं देशभर चर्चा हॉकीचीच जास्त झाली.

कराडकरांनी मात्र कसर ठेवली नाही. तब्बल १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी पंधरा मिनिटांत होणाऱ्या कराड ते गोळेश्वर प्रवासाला त्या दिवशी सात तास लागले.

पहिलं काम काय केलं?

सत्कार संपले आणि खाशाबांनी लंगोट बांधला. कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं. स्वतः खेळले, पैसे जमवले आणि खर्डेकर सरांचं गहाण पडलेलं घर सोडवलं.

१९५५ मध्ये ते पोलीस खात्यात सब इन्स्पेक्टर म्हणून लागले. गुडघ्याच्या दुखापतीमुळं १९५६ चं ऑलिम्पिक हुकलं. पुढची २७ वर्षं नोकरीत गेली आणि असिस्टंट कमिशनर म्हणून ते निवृत्त झाले. निवृत्तीनंतर पेन्शनसाठी त्यांना झगडावं लागलं. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात खाशाबा गेले.

मोठे सन्मान उशिरा आले. अर्जुन पुरस्कार मिळाला २००० सालचा, तोही मरणोत्तर. भारताला दुसरं वैयक्तिक पदक १९९६ मध्ये लिएंडर पेसनं मिळवून दिलं. म्हणजे खाशाबांचं पदक ४४ वर्षं एकटंच होतं.

मग विकायची वेळ कशी आली?

२००९ मध्ये खाशाबांच्या नावानं गोळेश्वरला कुस्ती संकुल उभारण्याची घोषणा झाली. २०१३ मध्ये त्यासाठी १ कोटी ५८ लाख रुपये मंजूर झाले. पण वर्षं उलटली, खर्चाचा अंदाज वाढला आणि संकुल काही उभं राहिलं नाही.

शेवटी २०१७ च्या जुलैमध्ये जाधव कुटुंबानं जाहीर केलं की खाशाबांचं पदक लिलावात काढायचं आणि त्या पैशातून संकुल बांधायचं. देशभर खळबळ उडाली.

ऑलिम्पिकच्या पदकांचा लिलाव ही जगात नवी गोष्ट नाही. जेसी ओवेन्सनं १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये जिंकलेलं एक सुवर्णपदक २०१३ मध्ये १४ लाख डॉलरपेक्षा जास्त किमतीला गेलं. बॉक्सर व्लादिमिर क्लिच्को यानं तर मुलांच्या मदतीसाठी स्वतःच आपलं पदक लिलावात काढलं होतं.

पण पदकाचं गणित बाकी वस्तूंसारखं नसतं. एखाद्या नेमबाजानं अडचणीत आपलं लांब नळीचं स्पर्धेचं पिस्तूल विकलं तर जीव तुटतो, पण दिवस पालटले की परवाना काढून दुसरं घेता येतं. १९५२ चं कांस्यपदक दुसरं कुठून आणणार?

म्हणूनच पदक देऊ नका म्हणणारे बरोबर होते. त्यात खर्डेकरांचं घर होतं आणि गावाची वर्गणी होती. ते एकट्या घराचं नव्हतंच.

पण कुटुंबाचंही चुकत नव्हतं. कपाटातलं पदक कितीही मौल्यवान असलं तरी त्यावर नवा पैलवान घडत नाही. त्याला आखाडा लागतो, गादी लागते, वस्ताद लागतो. एका माणसानं घर गहाण ठेवलं म्हणून खाशाबा घडले. मग पुढचा खाशाबा घडावा म्हणून पदक द्यायची तयारी दाखवणं हा त्याच वाटेवरचा विचार होता. फरक इतकाच की स्वतंत्र देशात ६५ वर्षांनंतरही ती वेळ पुन्हा एका घरावरच यावी, हे खरं दुखणं होतं.

पुढं आश्वासनं मिळाली, लिलाव झाला नाही आणि पदक घरातच राहिलं.

आज १५ जानेवारी, म्हणजे खाशाबांचा जन्मदिवस, महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसमध्ये रायफल नेमबाजीत कांस्य जिंकलं, तेव्हा महाराष्ट्राच्या खेळाडूला ७२ वर्षांनी वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळालं आणि खाशाबांचं नाव पुन्हा प्रत्येकाच्या तोंडी आलं.

खाशाबांचं पदक विकलं गेलं नाही, ही चांगलीच गोष्ट. पण ते विकायचा विचार एका घराला का करावा लागला, हे दरवर्षी १५ जानेवारीला हार घालताना आठवलं तरी पुरे.