नाताळानंतरचा रविवार आणि पंडिता रमाबाई

मार्गशीर्षी पौर्णिमा जवळ आली की आपले सारंगखेडा गजबजून जाते. एकमुखी दत्ताच्या दर्शनाला दूरदूरची माणसे येतात, घोड्यांचा बाजार भरतो आणि तिन्हीसांजेला दत्तजन्माचा पाळणा म्हटला जातो. त्याच्या आगेमागेच नाताळ येतो. आपल्या जिल्ह्यात नंदुरबार-नवापूरकडे ख्रिस्ती मंडळ्या आहेत. तिथे बाळ येशूच्या जन्माची गाणी होतात. देव बाळरूपाने घरी यावा, ही ओढ दोन्हीकडे सारखीच. पण भगिनींनो, आपल्यापैकी प्रत्येकीला ठाऊक आहे की बारशाचा दिवस कसाही थाटात पार पडतो. बाळंतिणीला आणि तान्ह्याला माणसांची खरी गरज लागते ती पाहुणे परतल्यावर.

ख्रिस्ती देवळांत नाताळानंतरच्या रविवारी हाच विचार पुढे येतो. त्या दिवशी शुभवर्तमानातल्या तीन कथांपैकी एक, वर्षावर्षाने आळीपाळीने वाचण्याची वहिवाट बऱ्याच मंडळ्यांत आहे. एका कथेत हेरोद राजा बालकांच्या जिवावर उठतो आणि योसेफ व मरीया तान्ह्याला घेऊन रातोरात मिसर देशी पळून जातात. दुसरीत आईबाप बाळाला यरुशलेमच्या मंदिरात नेतात, तिथे शिमोन नावाचा वृद्ध भक्त आणि हन्ना नावाची ८४ वर्षांची विधवा त्याला ओळखतात. तिसरीत बारा वर्षांचा येशू मंदिरात शास्त्र्यांमध्ये बसून प्रश्नोत्तरे करतो. या कथा श्रोत्यांच्या मनात उतराव्यात म्हणून उपदेशक एखादा दृष्टांत सांगतात. आम्हांस वाटते की, मराठी मुलखात तरी त्यांना दृष्टांतासाठी लांब जावयास नको. पंडिता रमाबाईंच्या एका चरित्रात या तिन्ही कथा आहेत. ते चरित्र या स्मरणिकेच्या निमित्ताने थोडक्यात सांगण्याचा विचार आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, त्यांनी संस्कृत शिकविले. बाईमाणसाला देववाणी शिकविणे त्या काळच्या शास्त्रीमंडळींना मानवणारे नव्हते. शास्त्रीबुवांनी वाद घालून आपली बाजू मांडली, परंतु वनवास पत्करला. पुढे सारे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. मुक्काम पडेल तिथे पुराण सांगायचे आणि मिळेल त्यावर राहायचे, असा संसार. या फिरत्या घरात आईच रमाबाईंची गुरू झाली. भागवताचे हजारो श्लोक मुलीला मुखोद्गत झाले.

मग मद्रास इलाख्यात दुष्काळ आला. जवळचे द्रव्य दानधर्मात संपले होते, आणि भीक मागण्याची अथवा अंगमेहनतीची सवय कुणालाच नव्हती. १८७४ साली वडील गेले, थोड्याच दिवसांत आई गेली, पुढे थोरली बहीणही गेली. उरली दोन भावंडे, श्रीनिवासशास्त्री आणि रमा. ती पायी उत्तरेकडे चालत राहिली. रानातली बोरे बियांसकट खाऊन त्यांनी भूक मारली. पंजाबात झेलम नदीच्या काठी कडाक्याची थंडी पडली तेव्हा पांघरायला काही नव्हते. दोघांनी वाळूत खड्डे खणले, त्यांत शिरून डोक्याखेरीज सारे अंग कोरड्या वाळूने झाकून घेतले आणि रात्र काढली. पौषातली तापीकाठची थंडी ज्या भगिनींना माहीत आहे त्यांना ही रात्र कशी गेली असेल हे सांगावयास नको. मिसर देशी निघालेल्या त्या कुटुंबाजवळ निदान एक ठिकाण होते. या भावंडांना कुठे जायचे हेही ठाऊक नव्हते.

१८७८ साली ही दोघे कलकत्त्यास पोहोचली. वीस वर्षांची एक मुलगी अस्खलित संस्कृत बोलते, शास्त्रार्थ करते, हे पाहून तिथले पंडित चकित झाले. त्यांनी तिची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. शास्त्र्यांत बसलेल्या बालकाची कथा इथे कुणालाही आठवावी. फरक एवढाच की, या मुलीचे प्रश्न तिथेच संपले नाहीत. धर्मशास्त्रे वाचताना तिच्या ध्यानात आले की, ग्रंथांचे आपसांत नाना मतभेद असले तरी स्त्रीला खालचे स्थान देण्यात बहुतेकांचे एकमत आहे. हा प्रश्न घेऊनच ती पुढे जन्मभर चालली.

१८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. ते ब्राह्मण नव्हते, म्हणून दोन्हीकडच्यांनी पाठ फिरविली. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने बिपिनबाबू गेले. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. रमाबाईंचे वय तेव्हा २३ होते आणि कडेवर वर्षाच्या आतले मूल होते.

शुभवर्तमानातली हन्ना लग्नानंतर सात वर्षांनी विधवा झाली आणि मंदिर हेच तिचे घर झाले. आपल्याकडच्या त्या काळच्या विधवेला कोणते घर होते? केशवपन, एकवेळचे जेवण, अपशकुनी म्हणून मागचे दार. आठ-दहा वर्षांच्या मुलीही यातून सुटत नसत. रमाबाई मात्र मागच्या दाराने गेल्या नाहीत. त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज काढला आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक छापले. शिक्षणविषयक हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन मुलींसाठी शिक्षिका आणि स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टर हव्यात, अशी मागणी त्यांनी केली.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. पतित म्हणून टाकलेल्या बायकांना तिथल्या धर्मभगिनी जवळ घेतात, हे पाहून त्यांच्या मनावर फार परिणाम झाला होता. तथापि त्या तिथेही मुकाट ऐकणाऱ्यांपैकी नव्हत्या. पटेल ते घेतले, न पटेल त्यावर आपल्या गुरुभगिनींशीही वाद केला. १८८६ च्या मार्चमध्ये आपली आप्त डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभास त्या फिलाडेल्फियात हजर होत्या. अमेरिकेत व्याख्याने देऊन, १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहून त्यांनी लोकांस जागे केले, आणि बोस्टनला स्थापन झालेल्या मंडळाने दहा वर्षे मदत देण्याचे कबूल केले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पहिली विधवा विद्यार्थिनी होती गोदूबाई. याच पुढे अण्णासाहेब कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई, अर्थात बाया कर्वे झाल्या. वर्षा-दीड वर्षाने सदन पुण्यास आले. तिथेच मोठा कलह झाला, तो झाकून ठेवणे बरे नव्हे. धर्माच्या बाबतीत सदन तटस्थ राहील, असे ठरलेले होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, काही मुली येऊन बसत. यावर वर्तमानपत्रांत टीकेचे काहूर उठले. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर यांच्यासारखी सल्लागार मंडळी बाजूला झाली आणि वीस-पंचवीस मुलींना घरच्यांनी काढून नेले. मुलीला विश्वासाने पाठविणाऱ्या आईबापांची काळजी खोटी नव्हती. आपल्याच खोलीचे दार आपल्याच लेकींवर बंद करणे रमाबाईंना जमले नाही, हेही खरे. विचारी माणसे आजही या प्रश्नावर दोन बाजूंना उभी राहतात. परंतु काढून नेलेल्या मुलींपुढे पुन्हा तेच मागचे दार होते, याचे दुःख कोणत्याही बाजूच्या बाईला व्हावे.

मग हेरोद पुन्हा आला, या वेळी दुष्काळाच्या रूपाने. १८९६-९७ साली मध्यप्रांतात माणसे अन्नावाचून मरू लागली. रमाबाईंना आपले आईबाप आठवले. त्या स्वतः तिकडे गेल्या. निराधार मुलींना केवळ भूकच नव्हे, तर त्यांना फूस लावून नेणारी माणसेही टपलेली असत. अशा सुमारे ३०० मुली त्यांनी गोळा करून आणल्या. इतक्यात पुण्यात प्लेग सुरू झाला आणि शहरात एवढ्या मुली ठेवण्यास मनाई झाली. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगावला त्यांनी जमीन घेऊन ठेवली होती. तिथे उघड्या माळावर तंबू आणि गवती छपरे उभारून मुक्तिसदन सुरू झाले.

पाठोपाठ १८९९-१९०० चा दुष्काळ. संवत १९५६ चा म्हणून गुजरातेत त्याला छप्पनिया म्हणतात. आपल्या खानदेशालाही त्याने पोळून काढले होते. या वेळी गुजरातेतल्या मुली केडगावला आल्या. १९०० च्या सुमारास तिथल्या कुटुंबाची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. दोन हजार तोंडांसाठी चूल पेटविणे म्हणजे काय, हे पुरुषांनी लिहिलेल्या चरित्रांत एका ओळीत उरकते. दळण, पाणी, सरपण, उवांनी भरलेली डोकी, दुष्काळात खंगलेल्या पोटाला एकदम अन्न न देता हळूहळू सवय लावणे, या साऱ्याची व्यवस्था लावावी लागली. विहिरी खणल्या, मळा केला, हातमाग, तेलघाणी, दुधाची गुरे आणि छापखाना उभा राहिला. हे सारे मुली आणि बायाच चालवीत. आंधळ्या स्त्रियांनाही तिथे शिकण्याची आणि कामाची सोय होती, आणि समाजाने टाकलेल्यांसाठी कृपासदन होते.

उत्तरायुष्यात त्यांना ऐकू कमी येऊ लागले. त्या अवस्थेत हिब्रू आणि ग्रीक भाषा अभ्यासून, खेड्यातल्या बाईला कळेल अशा साध्या मराठीत बायबल लिहिण्यास त्यांनी घेतले. अठरा वर्षे हे काम चालले. खिळे जुळविणाऱ्या, छापणाऱ्या मुक्तीच्याच स्त्रिया. हन्नाची कथा अशा रीतीने एका विधवेने मराठीत आणली आणि अनाथ मुलींनी छापली.

त्या कथेत शिमोन मरीयेला सांगतो की, या मुलापायी तुझ्याही काळजात तलवार शिरेल. रमाबाईंनाही ते चुकले नाही. आईचा भार वाहणारी, शिकलेली, अविवाहित राहून मुक्तीलाच वाहून घेतलेली मनोरमा २४ जुलै १९२१ रोजी निवर्तली. रमाबाई हातातले काम सोडून बसल्या नाहीत. बायबलाचे काम हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी झोपेतच त्यांचे देहावसान झाले. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. १९८९ साली भारत सरकारने त्यांच्या नावे टपाल तिकीट काढले. केडगावचे मुक्ती मिशन आजही उभे आहे.

रमाबाईंचा धर्म कोणता, यावर त्यांच्या हयातीत पुष्कळ शाई खर्च झाली. ज्या दोन हजार मुलींना त्यांनी भाकरी दिली, त्यांचे प्राण मात्र त्या शाईवर अवलंबून नव्हते. नाताळानंतरच्या रविवारी उपदेशकाने हा दृष्टांत द्यावा. आपणही दत्ताची यात्रा उठल्यावर तो आठवावा. घोडे परत जातात, दुकाने मोडतात, माळ मोकळा होतो. आणि त्या मोकळ्या माळावर कधी एखादी चुकलेली, कधी टाकलेली बाईलेकरे उरतात. आपल्या मंडळाचा वर्धापनदिनही असाच थाटात होईल. त्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या दाराशी कुणी आली, तर तिला पुढच्या दाराने आत घ्यावे, एवढी आठवण या चरित्राने राहिली तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले, असे आम्ही समजू.