भास्कराचार्य आणि पाटणची पेठ

थोर शास्त्रज्ञांच्या चरित्रांतील चमत्कारिक गोष्टी लोकांच्या तोंडीं चटकन् बसतात, आणि ज्या कामानें ते थोर झाले तें काम मात्र बाजूस राहतें. न्यूटन म्हटला कीं सफरचंद, आर्किमिडीज म्हटला कीं स्नानाचा हौद. त्याचप्रमाणें आमच्याकडे भास्कराचार्य म्हटले कीं लीलावतीचें घटिकापात्र. पात्रांत मोतीं पडलें, छिद्र बुजलें, लग्नाचा मुहूर्त टळला, आणि दुःखी कन्येच्या सांत्वनासाठीं पित्यानें तिच्या नांवें गणित लिहिलें, ही कथा न ऐकलेला वाचक विरळा. आमचा धंदा वकिलीचा असल्यामुळें पुरावा मागण्याची खोड आम्हांस जडलेली आहे. ग्रंथ ११५० सालचा. कथा आढळते ती फैजीनें १५८७ सालीं केलेल्या फारसी भाषांतरांत. चारशें वर्षांनंतरची ही ऐकीव साक्ष कोणतें न्यायासन ग्राह्य धरील? उलट त्याच आचार्यांसंबंधीं दगडावर कोरलेला एक अस्सल दस्तऐवज खानदेशांत आहे, आणि त्याची गोष्ट आमच्या पेठांतून कोणी सांगत नाहीं. ती आज सांगावी असें आम्हीं योजिलें आहे.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ चा. पिता महेश्वर हेच त्यांचे गुरु. वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं त्यांनीं सिद्धांतशिरोमणि पुरा केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित व गोलाध्याय हे त्याचे चार भाग. पुढें ११८३ च्या सुमारास, सत्तरीच्या उंबरठ्यावर असतां, ग्रहांचें गणित सोपें करून देणारा करणकुतूहल हा ग्रंथ त्यांनीं रचिला. आयुष्याच्या उतारावर मोठेपणा मिरविण्याऐवजीं दुसऱ्याचे श्रम कमी करण्यांत ते गुंतले होते, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

लीलावती हें पंडितांचेंच पुस्तक, असा समज असल्यास तो चुकीचा आहे. तिचा आरंभच नाण्यांच्या कोष्टकानें होतो: वीस वराटकांची काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा निष्क. पुढें त्रैराशिक, व्याज, सोन्याचा कस, जिनसांची अदलाबदल, धान्याच्या राशी असे सारे दुकानाचेच विषय. तिघां व्यापाऱ्यांनीं ५१, ६८ व ८५ अशीं भांडवलें घालून एकत्र धंदा केला आणि एकूण रक्कम ३०० झाली, तर प्रत्येकाचा वांटा किती, असें एक उदाहरण तींत आहे. उत्तर ७५, १०० व १२५. आजही भागीदारीचा हिशेब याच रीतीनें सुटतो.

त्यांच्या बुद्धीची झेंप मात्र दुकानापुरती नव्हती. कोणत्या संख्येच्या वर्गास ६१ नीं गुणून एक मिळविला असतां पुन्हा पूर्ण वर्गच येतो, हा प्रश्न दिसावयास साधा आहे. त्याचें सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० इतकें मोठें आहे, आणि चक्रवाल पद्धतीनें आचार्यांनीं तें काढून दाखविलें. फ्रान्सच्या फर्मा या गणितज्ञानें हाच प्रश्न १६५७ सालीं युरोपांतील विद्वानांस आव्हान म्हणून घातला, तेव्हां आमच्याकडे त्याचें उत्तर होऊन पांच शतकें लोटलीं होतीं.

गोलाध्यायांत त्यांनीं पृथ्वीच्या आधाराचा वाद घेतला आहे. पृथ्वी कशावर तरी टेकली आहे म्हणावें, तर त्या आधारास दुसरा आधार लागणार, त्यास तिसरा. शेवटीं कोणी तरी स्वशक्तीनें राहतो असें मानावेंच लागतें. मग ती शक्ति आधींच पृथ्वीची कां मानूं नये, असा त्यांचा कोटिक्रम. सास्तूरकरांस हा वाद पुस्तकी वाटूं नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे, गणेशविसर्जन आटोपून गांव निजलेलें असतां, येथील धरणी हादरली आणि किल्लारी-सास्तूर भागांतील हजारों माणसें मृत्युमुखीं पडलीं. शेषानें फणा हालविला म्हणून तीं मेलीं नाहींत. मातींत रचलेल्या जाड दगडी भिंती व वरचीं जड माळवदें अंगावर कोसळलीं म्हणून मेलीं. पृथ्वीसंबंधीं तर्कानें विचार करण्याची वाट ११५० सालीं मोकळी झाली होती. ती घरोघर पोंचविण्याचें काम मागें राहिलें, आणि अज्ञानाची किंमत अशी चुकवावी लागली.

तें काम कसें करावें, याचा दाखला वर सांगितलेल्या दस्तऐवजांत आहे. चाळीसगांवजवळच्या पाटण येथील हा शिलालेख एकोणिसाव्या शतकांत डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं उजेडांत आणिला. आचार्यांचा नातू चांगदेव, यादवराजा सिंघणाचा ज्योतिषी, यानें आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं मठ स्थापिला, आणि तेथील निकुंभ राजांनीं १२०७ च्या सुमारास त्यास दानें दिलीं. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठींत असून तो एखाद्या बाजारपेठेच्या ठरावासारखा आहे. पेठेंत विकल्या जाणाऱ्या मालावरील राजाचा कर मठास दिला. ब्राह्मणांनीं आपला हक्क सोडला. गिऱ्हाइकामागें दामाचा विसोवा नगरानें दिला. आणि दर घाण्यामागें एक एक पळी तेल ठरलें. गणिताची शाळा राजाच्या एकट्याच्या कृपेवर न राहतां तेलाच्या पळीवर व गिऱ्हाइकाच्या विसोव्यावर चालावी, अशी ही योजना होती. आमच्या मतें लीलावतीच्या मोत्याहून या पळीचें मोल अधिक आहे.

भारतानें ७ जून १९७९ रोजीं आकाशांत सोडलेल्या उपग्रहास भास्कर हें नांव दिलें, तें योग्यच झालें. परंतु नांव देण्यास खर्च लागत नाहीं. शाळा चालविण्यास लागतो. आडत्यांच्या पट्टींत धर्मादायाचा रकाना आमच्या पेठांस नवा नाहीं. त्यांतील एक पळी गांवच्या शाळेंतील विज्ञानाच्या खोलीस, ग्रंथालयास, एखाद्या दुर्बिणीस मिळावी, एवढेंच आमचें मागणें आहे. मात्र त्या काळच्या मठाचें दार सर्वांस मोकळें नव्हतें. आमचें असलें पाहिजे. आणि ज्या ग्रंथांतील प्रश्न एका बालेस संबोधून घातलेले आहेत, त्याचा अभिमान वाहणाऱ्यांनीं अडचणीच्या दिवसांत घरांतील मुलीची शाळा आधीं सोडवावी, ही विसंगति आम्हांस असह्य वाटते. पाटणच्या तेल्याला बीजगणित येत होतें कीं नाहीं हें शिलालेख सांगत नाहीं. त्याची पळी मठास ठरली होती, एवढें तो सांगतो. आमच्या पेठेविषयीं पुढील पिढ्यांस काय वाचावयास मिळावें, हें ठरविणें आमच्या व्यापारी बंधूंच्या हातीं आहे.