मोगलाईचा शेवटचा धनी

आमच्या आखाडा बाळापूरहून उमरखेडकडे निघाले की वाटेत पैनगंगा लागते. स्वातंत्र्यापूर्वी ही नदी म्हणजे एक सरहद्दच होती. पलीकडे कारभार इंग्रजांचा, अलीकडे निजामाचा. आमच्या मुलखाला तेव्हा मोगलाई म्हणत. तालुका कळमनुरी, जिल्हा परभणी, चलन हाली रुपया आणि धनी हैदराबादच्या किंग कोठीत राहणारे मीर उस्मान अली खान.

युद्ध हरलेल्या हुकूमशहांचा शेवट म्हटला की आपल्याला १९४५ चा एप्रिल आठवतो. मुसोलिनीला गोळ्या घातल्या गेल्या आणि दोनच दिवसांनी हिटलरने आत्महत्या केली. आमचा निजाम मात्र ८१ व्या वर्षी स्वतःच्याच वाड्यात वारला. हे कसे घडले, याचे कुतूहल मला नेहमी वाटत आले आहे.

घराणे मोठे. मूळ पुरुष मीर कमरुद्दीन, म्हणजे पहिला आसफजाह. त्याने १७२४ मध्ये दख्खनेत स्वतःचे राज्य उभे केले. त्याची कबर आपल्याच मराठवाड्यात, खुलताबादला आहे. उस्मान अली हे सातवे निजाम. वडील महबूब अली यांच्यानंतर १९११ मध्ये ते गादीवर आले. जगातला सर्वांत श्रीमंत माणूस अशी त्यांची ख्याती, पण राहणी कमालीची काटकसरीची. उस्मानिया विद्यापीठ त्यांच्याच काळातले. दोन मुलांची लग्ने त्यांनी १९३१ मध्ये तुर्कस्तानच्या खलिफाच्या घराण्यात करून दिली. एवढे वैभव होते, पण राज्यात प्रजेला आवाज नव्हता. बहुसंख्य प्रजा हिंदू असताना सत्ता मूठभरांच्या हाती होती.

१९४७ मध्ये इंग्रज गेले आणि निजामांनी स्वतंत्र राहण्याचा हट्ट धरला. ऑक्टोबरमध्ये भारताशी करार होण्याच्या बेतात होता. पण लातूरला वकिली केलेल्या कासीम रझवीच्या रझाकारांनी वाटाघाटी करणाऱ्यांची घरे वेढली आणि निजामांनी पाऊल मागे घेतले. माझ्या मते त्यांचे राज्य त्याच दिवशी गेले. सैन्य नंतर आले. गादीवर धनी होता, पण लगाम दुसऱ्याच्या हाती गेला होता. पुढचे वर्ष गावोगावी जाळपोळीचे आणि लुटीचे गेले. कितीतरी कुटुंबांनी सरहद्दीपलीकडे आसरा घेतला. इकडे स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लोक लढत राहिले.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा शिरल्या आणि १७ तारखेला, पाचव्या दिवशी, निजामांनी हार मानली. रझवी तुरुंगात गेला, १९५७ मध्ये सुटून पाकिस्तानात गेला आणि १९७० मध्ये कराचीत वारला. निजामांना मात्र कोणी हात लावला नाही. १९५० पासून १९५६ पर्यंत ते त्याच राज्याचे राजप्रमुख होते! सरदार पटेलांनी सूडापेक्षा शांततेला महत्त्व दिले, हे शहाणपणाचेच झाले.

पण किंमत कोणी मोजली? आधी रझाकारांनी गावे भरडली. नंतर पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत उस्मानाबाद, नांदेड या जिल्ह्यांत ज्यांचा रझाकारीशी काडीचा संबंध नव्हता असे हजारो गरीब मुसलमान मारले गेले. पंडित सुंदरलाल समितीने त्याची नोंद केली आहे. राजाच्या हट्टाचे व्याज दोन्ही बाजूंच्या साध्या माणसांनी फेडले.

अखेरच्या वर्षांत निजामांनी मुलांना डावलून नातू मुकर्रम जाह यांना वारस नेमले. १९६५ मध्ये त्यांनी ५,००० किलो सोने देशाला दान केले असे सांगतात. प्रत्यक्षात ते ४२५ किलो होते आणि दान नव्हे, सरकारी रोख्यांत गुंतवलेले होते. २४ फेब्रुवारी १९६७ रोजी ते गेले. किंग कोठीसमोरच्या जुदी मशिदीत, आईच्या कबरीजवळ त्यांचे दफन झाले. अंत्ययात्रेला अलोट गर्दी लोटली होती.

राज्य बुडताना लंडनच्या बँकेतून पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या खात्यात वळवलेल्या सुमारे १० लाख पौंडांचा वाद तेवढा मागे राहिला. तो २०१९ मध्ये सुटला. रक्कम तोवर साडेतीन कोटी पौंडांवर गेली होती. ती भारत सरकार आणि निजामांच्या नातवांकडे आली. राजाच्या पैशाचा हिशेब असा ७१ वर्षांनी का होईना, पै-पैसह लागला. १९४८ साली ज्यांची घरे जळाली आणि माणसे गेली, त्यांचा हिशेब मात्र कोणत्याच न्यायालयात उभा राहिला नाही. १७ सप्टेंबरला झेंडावंदन करताना आपण निदान त्यांची, सगळ्यांचीच, आठवण ठेवावी.